टाळ्यांखालचं कडवं

अमरावतीत मी ज्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्याच्या खालीच चहाची टपरी आहे. दोन बॅचच्या मधल्या वेळात मी तिथं उभा होतो आणि बाजूच्या बाकावर आमच्याच क्लासच्या पोरी मोबाईलवर रील बघत होत्या. गिटार वाजली. पहिल्या चार सुरांतच माझा कप हातात राहिला, कारण ते सूर मी बसवलेले होते. मग त्याचा आवाज आला.

रूळ हायेत, गाडी नाई,
बस रे गड्या, घाई नाई.

"कोणाचं गं हे गाणं?" मी विचारलं. एकीनं स्क्रीन माझ्यासमोर धरली. शब्द, संगीत, आवाज. तिन्हीपुढं एकच नाव, माझ्या जिवलग मित्राचं. "सर, तुमाले रॉक आवडते?" ती हसत म्हणाली. मी म्हटलं, चहा संपवा आणि वर चला, घर्षण राहिलंय.

त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं, मला ठाऊक नाही. पोरांनी उतरवून घेतलं, म्हणजे काहीतरी लिहिलं असणार. डोक्यात एकच घण पडत होता, की ते गाणं आम्हा दोघांचं आहे आणि मला माझं नाव पाहिजे. पैशाबिशाचं म्हणत नाही. नाव. आता नाव म्हणतोय आणि इथं कोणाचंच लिहीत नाही, ना त्याचं ना माझं. नावावरून इतकं रामायण झालं की कागदावर ते लिहायची इच्छाच उरलेली नाही.

आमची गाठ पडली ती अमरावतीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर. तो अकोल्याचा, मी बाळापूरकडच्या खेड्यातला. आमच्या घरी गाणं म्हणजे काकड्याचं भजन, बाकी सगळा बेंडबाजा. त्याच्या घरी गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. माझ्याकडं एक जुनी गिटार होती, त्याच्याकडं गळा होता, आणि दोघांनाही विलायती रॉकचं येड लागलेलं. तेही आमच्या जन्माआधीचं रॉक, ज्यांचे गाणारे तोवर म्हातारे झाले होते, काही मेलेही होते. बाकीची पोरं आम्हाला हसायची. "काहून बे, कोन मेलं का? एवढा बोंबलून राहिला तो?" असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

जमवणं ही त्याची खोड. रद्दीच्या दुकानातून विदेशी मासिकांची पानं, परदेशी बँडच्या कॅसेटची रिकामी वेष्टनं, मिळेल ते तो आणायचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपायचा. अकोल्यात निवडणुकीचे बॅनर रंगवणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून त्यानं दोन काळे टी-शर्ट रंगवून आणले. त्यांवरच्या विलायती गाणाऱ्याला पेंटरनं झकास मिशी काढली होती. का म्हणून विचारलं तर पेंटर म्हणे, मिशीबिगर मानूस मोठा वाटत नाई. आम्ही ते टी-शर्ट विटेपर्यंत घातले. नंतर एक म्हातारा झालेला विलायती बँड मुंबईला आला तेव्हा आम्ही रिझर्वेशन नसताना गेलो. कार्यक्रम संपल्यावर मैदानाच्या चिखलात गिटारवाल्यानं फेकलेलं पिक आम्हाला सापडलं. ती वाजवायची एवढीशी तिकोनी चकती. दिसली मला, उचलली त्यानं. भुसावळपर्यंत आम्ही त्यावरून भांडलो. शेवटी तो म्हणाला, "तुह्याजवळ हरवते बे. माह्याजवळ ठिवतो, पन हाये दोघायचं." ते खरंच होतं, मी वस्तू हरवतो.

आमच्या लाडक्या बँडमधल्या दोघांनी पोरवयात ठरवलं होतं म्हणे, की गाणं कोणीही लिहो, नाव दोघांचं लागणार. पुढं मोठेपणी तेच दोघं, कोणती ओळ कोणाची आणि कोणाचं नाव आधी, यावरून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. कॅन्टीनमध्ये आम्ही त्यांची वकिली करायचो. मी एकाच्या बाजूनं, तो दुसऱ्याच्या. एकदा तो वैतागून म्हणाला, "दोघंही हलकट. सोबत बसून केलं, आता काय मापून राहिले?"

आमचं गाणं मूर्तिजापूरच्या फलाटावर झालं. सुट्टीत अकोल्याला जाताना गाडी तिथं अडकून पडली होती. उतरलो, फिरलो. पलीकडं शकुंतलेचे, म्हणजे कधीमधीच येणाऱ्या त्या छोट्या गाडीचे अरुंद रूळ होते, त्यांच्यावर गवत चढायला लागलं होतं. मी म्हटलं, रूळ हायेत, गाडी नाई. तो सिमेंटच्या बाकावर बसला आणि बाजूला हात आपटून म्हणाला, बस रे गड्या, घाई नाई. झालं. पहिली ओळ माझी, दुसरी त्याची, आणि तिसरीपासून पुढं कोणतं कोणाचं ते देवालाही निवडून काढता यायचं नाही. तांदळात खडे असते तर निवडले असते. दोन्ही तांदूळच होते.

अकोल्याला त्याच्या घरी आम्ही ते वाजवून दाखवलं. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मी त्यांना काकाजी म्हणतो. ते भीमगीतं लिहायचे. जयंती जवळ आली की गायन पार्ट्यांची माणसं घरी यायची, ओसरीवर पेटी-ढोलक लागायचं. त्या गाण्यांची एक रीत असते. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. गाणं कितीही तोंडांतून फिरो, शेवटच्या ओळीत कळतं की हे कोणाचं. पण काकाजींचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका गायकानं कॅसेटवर आणलं तेव्हा त्या ओळीत स्वतःचं नाव बसवलं. काकाजी जेवताना मधूनच थांबून म्हणायचे, "तितक्याच मात्रायचं नाव होतं त्याचं. नेमकं बसलं." आणि पुन्हा जेवायला लागायचे. गावोगाव लोक ते गाणं त्यांच्याच समोर त्या दुसऱ्याचं म्हणून गायचे.

आमचं गाणं ऐकून काकाजींनी पहिलं विचारलं, "अन् नाव?"

आम्ही हसलो. रॉकमधी नाव नसते काकाजी, ते कव्हरवर छापतात.

"कव्हर फाटते बाबू. नाव घाला, नाईतर रडसान."

त्यांचं मन मोडवेना म्हणून शेवटचं कडवं केलं. दोन ओळी, दोन नावं. पण स्वतःचं नाव स्वतः गायची दोघांनाही लाज वाटली. लग्नातल्या नवरीसारखे लाजलो अगदी. मग असं ठरलं की आधीच्या ओळीत तो माझं नाव घेईल आणि शेवटच्या ओळीत मी त्याचं. काकाजी मांडी थोपटून म्हणाले, हे बेस झालं.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ते गायलो. कार्यक्रमात सगळ्यात शेवटी आमचा नंबर होता, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. साउंडवाल्यानं सगळा कार्यक्रम एका कॅसेटवर घेतला होता, ती आम्ही त्याच्याकडून मागून आणली. बरेच दिवस ऐकली. मग एका सीनियरनं त्या विलायती बँडच्या भर मैदानातल्या कार्यक्रमाची कॅसेट आणली, कोणाच्या तरी मामानं परदेशातून आणलेली. दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. कोरी कॅसेट आमच्यापाशी नव्हती आणि दुकानं बंद होती. मित्रानं गॅदरिंगची कॅसेट काढली आणि म्हणाला, "याच्यावरच घेऊ. आपलं काय बे, आपन हाओतच. कवाबी गाऊ." मलाही ते पटलं. त्यात न पटण्यासारखं काय होतं? आम्ही आनंदानं ती कॅसेट पुसली आणि दोघं हजारो गोऱ्या लोकांच्या टाळ्या ऐकत बसलो.

पुढं तो नोकरीला पुण्याला गेला आणि मी अमरावतीतच राहिलो. तिकडं त्यानं बँड काढला. आम्ही फोनवर बोलायचो. बोलणं आधी आठवड्याचं होतं, मग दिवाळीचं झालं. भांडण काहीच नव्हतं. आणि मग ती टपरी, त्या पोरी, ते रील.

मी फोन लावला. त्यानं उचलला आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"रेकॉर्ड कंपनीवाल्यायनं एकच नाव मांगितलं," तो म्हणाला.

"अन् शेवटचं कडवं?"

"लांब होऊन राहिलं होतं ते."

मी फोन ठेवला. खरं सांगतो, तेवढ्यावर मी विसरलोही असतो कदाचित. पण पुढं त्याची एक मुलाखत पाहिली. काळा टी-शर्ट, मागं भिंतीवर गिटारी. गाणं कसं सुचलं विचारल्यावर तो म्हणाला, "मूर्तिजापूरच्या फलाटावर मी एकटाच बसलो होतो." एकटाच. त्या बाकावर माझ्या मांडीवर त्याची बॅग होती. त्या एका शब्दानं माझ्या आयुष्यातली एक अख्खी दुपार पुसून टाकली. मी तिथं नव्हतोच म्हणे. घरात बायको म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेता, गाणंच आहे. मी तिच्यावरही ओरडलो. दोनेक वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही आणि त्यानंही फोन केला नाही. कार्यक्रमांतून, लग्नांतून, ऑटोतून ते गाणं मात्र माझ्या मागंमागं फिरत राहिलं.

मग काकाजींचा फोन आला. "तो घरी आला हाये. ये." एवढंच. मी दुपारची बॅच सोडून अकोल्याची गाडी धरली. वाटेत मूर्तिजापूर आलं, मी खिडकीतून पाहिलं नाही. काय काय बोलायचं ते पाठ करत होतो, दोन वर्षांचं साचलेलं.

तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. गळ्यावर पांढरी पट्टी, मध्ये छिद्र. घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दारातच उभा राहिलो. त्यानं मोबाईल उचलला, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं धरला.

"भांडाले आला ना? मंग भांड. आता मले उलटून बोलता येत नाई, तुह्यी चांदी हाये."

आणि मी भांडलो. कोणाला खरं वाटणार नाही, पण मी त्या माणसाशी तासभर भांडलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली. मी म्हटलं, एकटाच होतास का बे तू? बॅग कोणाच्या मांडीवर होती? रडत होतो आणि शिव्या देत होतो. तो ऐकत होता. मी दमल्यावर त्यानं बराच वेळ लिहिलं.

"कडवं गायलो होतो. तुह्यं नाव घेतलं, चांगलं लांबवून. पुढची ओळ कोन गाईन? स्टुडिओवाले म्हने तूच गा. आपलं नाव आपन कसं घ्याचं बे? रिकामी ठिवली. मंग त्यायनं कडवंच कापलं."

"अन् कव्हरवरचं नाव?"

त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "ते मीच खाल्लं. गोड लागलं."

मी पलंगावर त्याच्या बाजूला बसलो. माफी त्यानं मागितली नाही आणि मीही मागू दिली नसती. मग त्यानं लिहिलं, बरा झालो की पुन्हा रेकॉर्ड करू, मी गिटार धरतो, दोन्ही ओळी तू गा. मी म्हटलं, "आपलं नाव आपन कसं घ्याचं बे?" तो हसला. हसताना आवाज नव्हताच, गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा आली. ते हसू मी पाहायला नको होतं.

पुढच्याच महिन्यात तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो, परत आलो, बॅच घेतल्या. वहिनींनी कंपनीच्या मागं लागून नाव दुरुस्त करून घेतलं, तो जाण्याआधी त्यांना सांगून गेला होता. आता गाण्याखाली दोन नावं दिसतात. एक दिवस वर्गात शिरलो तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, पुस्तकं काढा. दोन वर्षं ज्याच्यासाठी झोप गेली ते स्क्रीनवर आलं आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

मला आता दुसरंच पाहिजे होतं. त्याच्या आवाजात माझं नाव. चांगलं लांबवून घेतलेलं. होस्टेलवर मी ते शंभरदा ऐकलं असेल. शब्द आठवतात, चाल आठवते, त्याच्या मानेची शीर कशी फुगायची तेही आठवतं, पण आवाज काही केल्या कानात येत नाही. डोळे मिटले की त्या रीलमधलाच आवाज येतो, आणि रीलमध्ये मी नाही. पुण्याच्या स्टुडिओला फोन केला. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, सर, ते कापलेलं आम्ही ठेवत नाही.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, त्यायचं कपाट तुमीच येऊन पाहा. मले त्यातलं काई समजत नाई."

अकोल्याच्या घरातलं लोखंडी कपाट होतं. उघडलं आणि आमचं अख्खं कॉलेज समोर आलं. मासिकांची पानं, वेष्टनं, मुंबईच्या कार्यक्रमाचं तिकीट, मिशीवाल्या गाणाऱ्याचा टी-शर्ट, आणि काडेपेटीत कापसावर ठेवलेलं ते पिक. सगळं पिशव्यांत घालून नीट लावलेलं. गोऱ्यांनी वापरलेली, फेकलेली, विसरलेली एकूण एक वस्तू त्यानं जपली होती. आमचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. एक फोटोसुद्धा नाही. मी प्रत्येक पिशवी उलटी करून पाहिली. असं कसं बे, मी म्हणत होतो, त्यायच्या चिंध्या ठिवल्या अन् आपलं काईच नाई?

तळाशी ती कॅसेट सापडली. लेबलवर त्याच्या अक्षरात "गॅदरिंग" लिहिलेलं, त्यावर निळ्या पेनाची काट आणि वर त्या विलायती बँडचं नाव.

पण एक गोष्ट डोक्यात आली. आमचं गाणं गॅदरिंगमध्ये सगळ्यात शेवटी होतं. परदेशी कार्यक्रम थोडा जरी आधी संपला असेल, तर त्याच्या पुढचा भाग पुसला गेला नसणार.

काकाजींकडं जुना टेप आहे, अजून चालतो. त्यावर ते स्वतःची गाणी ऐकतात, त्या दुसऱ्याच्या नावाची. मी ओसरीवर टेप ठेवला, कॅसेट घातली, पुढं पळवली. काकाजी काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले. कशाची आहे ते मी त्यांना सांगितलं. ते ऐकायला जरा पुढं वाकले.

शेवटचं विलायती गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या. मैदानभर माणसं, शिट्ट्या, आरडाओरडा, संपेचना. मी हात जोडून बसलो होतो, कोणाला ते माहीत नाही. बस करा रे आता, थांबा. मग खट्‌ आवाज झाला, जिथं त्या दिवशी आम्ही बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं होतं, आणि टाळ्या मधेच तुटल्या.

एक गिटार. माझी. आणि एक कोवळा, जरा बेसूर आवाज, तोही माझाच, त्याचं नाव गात होता. शेवटची ओळ. मग अर्ध्या रिकाम्या हॉलमधल्या तुरळक टाळ्या, आणि पुढं कोरी फीत फिरल्याची खरखर.

तेवढंच वाचलं होतं. आधीची ओळ त्या गोऱ्या टाळ्यांच्या खाली गेली होती.

काकाजी म्हणाले, "म्हंजे याच्या आंधी त्यानं तुह्यं नाव घेतलं असन."

"हो, काकाजी."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा लावला. "पुना लाव," ते म्हणाले. "पोराचं नाव आयकू दे."

मी फीत मागं घेतली. पुन्हा टाळ्या लागल्या. काकाजी शेवटच्या ओळीची वाट पाहत होते. मी टेपला कान लावून त्या टाळ्याच ऐकत होतो.